पाऊस उदंड, तरी झाड नाही : सह्याद्रीच्या माथ्यावरची जांभ्याची बेटं

निपाणीच्या काळ्या रानात पाऊस बेताचाच पडतो. तेवढ्यावर तिथं तंबाखू उभा राहतो, सोयाबीन निघतं, बांधावर बाभळ आणि कडुनिंब वाढतात. आणखी पूर्वेला अथणीकडं पाऊस वर्षाला ५०० ते ६०० मिलिमीटरवर येतो, तरी तिथंही झाडं आहेतच. आता उलट दिशेनं निघू. बेळगाव शहरात साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस होतो. जांबोटीवरून कणकुंबीला, चोर्ला घाटाच्या तोंडाशी पोचलं की हा आकडा ५,००० मिलिमीटरच्या घरात जातो. संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा या रस्त्यानं आंबोली गाठली तर तो ७,०००च्या आसपास भरतो. पाच हजार मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटर जमिनीवर पाच हजार लिटर पाणी, आणि तेही जवळजवळ सगळं जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

इतक्या पावसात डोंगर माथ्यापर्यंत रानानं झाकलेला असायला हवा. उतारांवर आणि दऱ्यांत तो तसा आहेच. अंजनी, जांभूळ, हिरडा यांचं दाट रान तिथं ऊन खाली पडू देत नाही. पण चढ संपून सपाटी लागली की झाडं एकदम थांबतात. पुढं दूरवर काळपट-तांबडा कातळ, त्यावर गुडघ्याच्याही खाली राहणारं गवत, मधूनमधून साचलेली डबकी, आणि वारा. कोकणात आणि घाटमाथ्यावर याला सडा म्हणतात. चिगुळे, पारवाड, चोर्ला, तिलारी, आंबोली या पट्ट्यात असे लहानमोठे सडे रानाच्या मधोमध पसरलेले आहेत.

पाणी इतकं असून झाड का नाही? या प्रश्नाचं उत्तर शोधताना आपण बेळगावहून निघून थेट अलास्काच्या पलीकडच्या एका थंडगार बेटापर्यंत जाणार आहोत, कारण तिथंही झाड नाही, आणि कारणाचं मूळ दोन्हीकडं एकच आहे.

दगड उरतो कसा

सड्याचा कातळ जांभ्याचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरांवर थर पसरले आणि त्यांतून काळा बेसाल्ट तयार झाला. या बेसाल्टवर उष्ण हवेत कोट्यवधी वर्षं पाऊस पडत राहिला. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि कुजलेल्या पाल्यातला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, त्यामुळं ते किंचित आम्ल होतं. असं पाणी दगडातलं कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम हळूहळू विरघळवून घेऊन जातं. त्यामागून सिलिकाही जातं. लोखंड आणि ॲल्युमिनियम मात्र सहज विरघळत नाहीत. ते जागेवरच राहतात आणि लोखंडाला ऑक्सिजन मिळून ते गंजतं. जांभ्याचा तांबडा रंग हा त्या गंजाचा.

आपल्या भागातल्या गुऱ्हाळावर उसाचा रस काहिलीत आटत असताना पाहिला असेल, तर ही क्रिया समजायला सोपी जाते. रसातला मोठा भाग निघून जातो आणि थोडाच उरतो. उरलेलं साच्यात ओततात तेव्हा मऊ असतं आणि हवा लागल्यावर त्याचा टणक रवा होतो. जांभ्याचंही पुष्कळसं असंच. मूळ दगडाचा मोठा हिस्सा वाहून गेलेला असतो. जमिनीखालचा ताजा जांभा पहारीनं किंवा पात्यानं कापता येण्याइतका मऊ असतो. म्हणून तर त्याचे चौकोनी चिरे काढता येतात. उघड्यावर पडला, वाळला, की त्यातले लोखंडाचे कण एकमेकांना घट्ट धरतात आणि चिरा कडक होतो. सड्याचा वरचा थर असा युगानुयुगं उघड्यावर कडक झालेला आहे.

जांभ्याला इंग्रजी शास्त्रात जे नाव आहे ते १८०७ साली फ्रान्सिस बुकानन यानं केरळातल्या अंगाडिपुरमचा दगड पाहून दिलं. आपल्याकडच्या गवंड्यांना आणि चिरेखाणीतल्या कामगारांना त्याचे गुण त्याआधीपासून ठाऊक होते, हे वेगळं सांगायला नको.

घाटमाथ्यावरचे सडे आज तुटक दिसतात. अनेक भूशास्त्रज्ञांच्या मते ते एका मोठ्या, बऱ्याच अंशी सलग पृष्ठभागाचे उरलेले तुकडे आहेत. नद्या-ओढ्यांनी मधला भाग कापून नेला. जिथं जांभ्याचं कवच जाड होतं तिथं खालचा डोंगर टिकला. त्यामुळं या डोंगरांचे माथे सपाट दिसतात, आणि एका सड्यावर उभं राहिलं की दरीपलीकडचा दुसरा सडा जवळजवळ त्याच उंचीवर असतो. मधे मात्र खोल रान.

पूर आणि दुष्काळ, एकाच वाफ्यात

आता झाडाकडं वळू. झाडाला पाणी हवं, ते मुळांना हवं आणि ते बारा महिने थोडंथोडं मिळायला हवं. सड्यावर माती साठते ती खळग्यांत आणि भेगांत, बहुतेक ठिकाणी काही सेंटिमीटर. मूळ खाली घुसायला गेलं की कातळ लागतो.

जुलैत या पातळ मातीत पाणी मावत नाही. ती तुडुंब भरते, मुळांभोवतालची हवा संपते आणि मुळं गुदमरतात. ऑक्टोबरात पाऊस थांबला की तीच माती थोड्याच दिवसांत कोरडी होते, कारण पाणी धरून ठेवायला खोली नाही. एप्रिल-मे महिन्यांत तर कातळावर हात ठेववत नाही. जे रोप पुरातून वाचेल ते उन्हाळ्यात वाळतं, आणि उन्हाळा सोसण्यासाठी जे खोल मूळ लागतं ते धरायला जागा नसते. एखादी रुंद भेग सापडली तरच तिथं एखादं खुरटं जांभूळ किंवा अंजनी उभी राहते. सड्यावरचं असं एकटं झाड दिसलं की खाली कातळ फाटलेला आहे हे ओळखावं.

म्हणजे सड्यावर पाण्याची उणीव नाही. पाणी वापरता येईल असा काळ मात्र फार थोडा आहे. पूर ओसरल्यापासून माती वाळेपर्यंतचे जेमतेम काही आठवडे. ही गोष्ट एकदा ध्यानात आली की सड्यावरचं सगळं जीवन उलगडायला लागतं.

बेरिंग समुद्रातलं बेट

अलास्का आणि सायबेरिया यांच्या मधल्या बेरिंग समुद्रात सेंट मॅथ्यू नावाचं एक बेट आहे. लांब, चिंचोळं, सुमारे ३५० चौरस किलोमीटरचं. अलास्काच्या मुख्य भूमीपासून ते ३०० किलोमीटरहून दूर आहे आणि तिथं कायमची वस्ती नाही. तिथं पाण्याला तोटा नाही. धुकं आहे, बर्फ आहे, दलदल आहे. पण झाड एकही नाही.

झाड वाढायला उन्हाळ्यात पुरेशी ऊब लागते. ढोबळ नियम असा, की सर्वांत उबदार महिन्याचं सरासरी तापमानसुद्धा १० अंश सेल्सियसच्या खाली राहत असेल तर तिथं रान उभं राहत नाही. उपध्रुवीय प्रदेशाच्या या कडेला वर्षातला बराच काळ पाणी बर्फ होऊन पडलेलं असतं, आणि गोठलेलं पाणी मुळाला घेता येत नाही. उन्हाळ्यात वरचा थर वितळतो, पण अशा प्रदेशांत खालची जमीन पुष्कळदा गोठलेलीच राहते. पाणी खाली मुरत नाही, वरच साचतं, जमीन दलदलीची होते.

दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहा. तिथं खाली बर्फ, इथं खाली कातळ. तिथं आठ-नऊ महिने गारठा, इथं आठ-नऊ महिने कोरड. दोन्हीकडं वरच्या वीतभर मातीत थोडे आठवडे पाण्याची चंगळ आणि मग सगळं बंद. तापमानात जमीन-अस्मानाचा फरक असूनही दोन्ही ठिकाणच्या वनस्पतींसमोर प्रश्न एकच आहे: थोड्या काळात उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि पुढच्या संधीपर्यंत टिकून राहायचं. म्हणून दोन्हीकडं बुटकी झुडपं, गवतं, शेवाळं आणि दगडफुलं यांचंच राज्य.

सड्यावरच्या काही गवतांनी यावर फार विलक्षण तोड काढली आहे. ती पूर्ण वाळतात, चुरगाळली तर चुरा होईल इतकी, पण मरत नाहीत. पेशीतलं जवळजवळ सगळं पाणी गेल्यावरही आतली यंत्रणा ती जपून ठेवतात आणि पहिल्या पावसानंतर तीच पानं पुन्हा हिरवी होतात. नवीन पान फुटायची वाट पाहण्यात जे दिवस जातात ते त्यांचे वाचतात.

भुकेली फुलं

सप्टेंबरात चोर्ला किंवा आंबोलीच्या सड्यावर गेलं तर ओलसर खळग्यांत जांभळ्या-निळ्या रंगाचे पट्टे दिसतात. जवळ बसून पाहिलं की नखाएवढी फुलं, बारीक देठ, आणि पानं जवळजवळ दिसतच नाहीत. ही सीतेची आसवं. त्यांच्या शेजारी पांढऱ्या गुंड्यांसारखे दिसणारे गेंद, पिवळा कवला, गुलाबी तेरडा. याच खळग्याच्या कडेला दवबिंदू नावाची वनस्पती असते. तिच्या पानांवरच्या केसांच्या टोकांशी चिकट थेंब चमकतात.

सीतेची आसवं आणि दवबिंदू या दोन्ही वनस्पती कीटक खातात. यामागचं कारण मातीत आहे. वाढायला नत्र लागतं. सड्याच्या मातीतलं नत्र पावसाच्या पाण्याबरोबर सारखं धुऊन जातं. पाण्यानं भरलेल्या मातीत हवा नसल्यानं कुजण्याची क्रियाही मंद होते. स्फुरद असला तरी जांभ्यातलं लोखंड त्याला धरून ठेवतं. ऊन भरपूर, पाणी भरपूर, पण पोषण नाही. अशा ठिकाणी जी वनस्पती कीटकाच्या शरीरातलं नत्र मिळवू शकते तिचं निभतं.

दवबिंदूची पद्धत सरळ आहे. चिकट थेंबाला मध समजून माशी बसते, अडकते, आजूबाजूचे केस तिच्याकडं वाकतात आणि पाचक रस सुटतो. सीतेच्या आसवांचं तंत्र याहून पुढचं आहे. त्यांच्या जमिनीखालच्या बारीक फांद्यांवर टाचणीच्या डोक्याहून लहान पिशव्या असतात. वनस्पती त्या पिशवीतलं पाणी बाहेर काढत राहते, त्यामुळं आत ओढ तयार होते. तोंडाशी एक झडप असते. एखादा सूक्ष्म जीव झडपेला लागला की ती उघडते, पाणी जिवासकट आत खेचलं जातं आणि झडप मिटते. याच कुळातल्या पाण्यात तरंगणाऱ्या जातींमध्ये हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात घडतं, असं वेगवान कॅमेऱ्यांनी दाखवून दिलं आहे. वनस्पतींच्या जगातल्या सर्वांत जलद हालचालींपैकी ही एक. आपण फुलांचे फोटो काढतो तेव्हा आपल्या बुटांखाली हे चाललेलं असतं.

उत्तरेकडच्या थंड दलदलींतही हीच कुळं सापडतात. तिथला गोल पानांचा दवबिंदू अलास्कापासून स्कँडिनेव्हियापर्यंत पसरलेला आहे. चार्ल्स डार्विननं त्याच्यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर एक पुस्तकच लिहिलं. थंड दलदल आणि तापणारा सडा या दोन ठिकाणी एकाच कुळानं घर करावं, यात मला तरी मोठा अर्थ दिसतो. त्या वनस्पतीला थंडी-उष्म्यापेक्षा ओली, निःसत्त्व आणि सावली नसलेली जमीन महत्त्वाची आहे. झाड नाही म्हणून सावली नाही, आणि सावली नाही म्हणूनच या बुटक्या फुलांना जागा मिळते.

*चौकट : सड्याचं वर्ष*

मे महिन्यात सडा मेल्यासारखा दिसतो. जूनच्या पहिल्या सरींनी डबकी भरतात आणि मातीत वर्षभर कोरडी पडलेली फेअरी श्रिम्पची अंडी फुटतात. पारदर्शक, उलटं पोहणारे हे इवले जीव काही आठवड्यांत वाढून पुढची अंडी घालतात. बेडूक आणि भेकही याच दिवसांत घाईला येतात. जुलैत धुकं आणि संततधार असते. गवत वाढतं, पण फूल थोडं. ऑगस्टच्या अखेरीस उघडीप मिळू लागली की गेंद आणि सीतेची आसवं फुलतात. त्यानंतर रंग आठवड्यागणिक बदलतात, कारण आधी वाळणाऱ्या उथळ जागा आधी फुलून घेतात आणि खोल खळगे मागून. ऑक्टोबरात गवत पिवळं पडतं, बी गळतं. नोव्हेंबरपासून पुन्हा कातळ.

बेट कुणासाठी?

समुद्राच्या पाण्यानं वेढलेली जमीन म्हणजे बेट, हे शाळेतलं उत्तर. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६७ साली बेटांवरच्या जीवसृष्टीचा सिद्धांत पुस्तकरूपानं मांडला, तेव्हापासून या कल्पनेचा विस्तार झाला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बेटावर किती जाती राहतील हे दोन गोष्टींवर ठरतं. नव्या जाती किती वेगानं येऊन पोचतात आणि असलेल्या किती वेगानं नाहीशा होतात. बेट दूर असेल तर येणारे कमी, लहान असेल तर संपणारे जास्त. हाच हिशेब शेतांनी वेढलेल्या देवराईला लागतो, डोंगरमाथ्याला लागतो आणि रानानं वेढलेल्या सड्यालाही लागतो.

पण इथं एक प्रश्न विचारायला हवा, तो म्हणजे बेट कुणासाठी? सड्यावर घरटं करणाऱ्या चंडोलाला किंवा टिटवीला मधली दरी म्हणजे दोन मिनिटांचं उड्डाण. गवताचं बी वाऱ्यानं जातं. त्यांच्यासाठी सगळे सडे मिळून एकच गाव. ज्यांना उडता येत नाही, ज्यांची कातडी सदा ओली राहावी लागते, जे आयुष्यभर काही मीटरांच्या पलीकडं जात नाहीत, त्यांच्यासाठी मात्र मधली दरी समुद्राइतकीच रुंद आहे.

आंबोलीचा भेक हे याचं उत्तम उदाहरण. अंगावर वाघासारखे पिवळसर पट्टे असलेला हा लहान भेक आंबोली आणि तिच्या अगदी जवळच्या मोजक्या जागांवरूनच माहीत आहे. २००९ साली दिल्ली विद्यापीठाचे सत्यभामा दास बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. तो अंडी घालतो ती कातळावरच्या उथळ, तात्पुरत्या डबक्यांत. डबकं सुकायच्या आत पिल्लांनी शेपटी टाकून बाहेर पडलं पाहिजे. पाऊस चार-सहा दिवस रुसला तर ती पिढी गेली. त्याचा जवळचा भाऊबंद कोयनेच्या परिसरात आहे. दोघांच्या मधल्या डोंगररांगेत त्यांच्यासारखं फारसं कुणी नाही. तापत्या कातळावर किंवा दाट रानातून शंभर किलोमीटर चालत जाणं या जिवाला शक्यच नाही, तेव्हा दोन्ही आपापल्या बेटांवर वेगळे होत गेले.

देवगांडूळ हा दुसरा. दिसायला गांडूळ, पण पाठीचा कणा असलेला, बेडकांच्या वर्गातला, पाय नसलेला प्राणी. सड्याच्या कडेला, ओल्या मातीत, सुट्या जांभ्याच्या दगडांखाली तो राहतो. आंबोलीतून २००३ साली एका नव्या देवगांडुळाचं वर्णन झालं. २००७ साली आपल्याच खानापूर तालुक्यातल्या चोर्ला परिसरातून आणखी एकाचं झालं आणि त्याला म्हादई नदीचं नाव मिळालं. दोन्ही ठिकाणं नकाशावर एकमेकांपासून फार दूर नाहीत. जमिनीखाली जगणाऱ्याला तेवढं अंतरही पुरतं.

माशाचं उदाहरण तर याहून टोकाचं आहे. आंबोलीत हिरण्यकेशीच्या देवळातून, गुहेतून त्याच नावाची नदी बाहेर पडते. पुढं ती आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला आपल्या बेळगाव जिल्ह्यात येते आणि घटप्रभेला मिळते. तिच्या उगमाशी असलेल्या कुंडात एक छोटा, रंगीत मासा सापडला. २०२० साली त्याचं वर्णन झालं आणि त्याला नदीचंच नाव देण्यात आलं. पुढच्या वर्षी महाराष्ट्र शासनानं या कुंडाच्या परिसराला जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केलं. देवाच्या कुंडात कुणी गळ टाकत नाही, ही श्रद्धा या माशाच्या कामी आली असणार.

बारापेडेची गुहा

उडता येतं त्यालाही कधी कधी बेट सोडता येत नाही. खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळच्या रानात बारापेडे नावाच्या गुहा आहेत. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं भारतातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली होती. तिच्या कामात १९१२ साली एस. एच. प्रेटर यांना इथं एक वेगळंच वटवाघूळ मिळालं. मोठे, पुढं झुकलेले कान, लांब-अरुंद पंख आणि पडद्याबाहेर मोकळी राहिलेली शेपटी. पुढच्या वर्षी लंडनच्या ओल्डफील्ड थॉमस यांनी त्याचं वर्णन केलं आणि वनखात्यात काम केलेल्या, या पाहणीमागच्या प्रमुख व्यक्तींपैकी एक असलेल्या रॉटन यांचं नाव त्याला दिलं.

त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं जगात हे वटवाघूळ राहण्याचं माहीत असलेलं ठिकाण एकच होतं, बेळगाव जिल्ह्यातली ही गुहा. पुढं कंबोडियात एक आणि मग मेघालयातल्या गुहांमध्ये काही सापडली. बेळगाव, मेघालय, कंबोडिया, एवढ्या दूरदूरच्या जागा! लांब-अरुंद पंख म्हणजे दूरवर, वेगानं उडण्याची सोय. तरी हा प्राणी राहायला गुहेची विशिष्ट फटच धरतो. आकाश मोकळं असलं तरी घराची जागा मोजकी असेल, तर ती जागाच त्याचं बेट ठरते. २०११ साली भीमगड अभयारण्य घोषित झालं, त्यामागच्या कारणांत या वटवाघळाला मोठं स्थान आहे.

एकोणतीस रेनडिअर

सेंट मॅथ्यू बेटाकडं पुन्हा जायला हवं, कारण तिथं घडलेली एक गोष्ट सड्याबद्दल बोलताना माझ्या मनातून जात नाही.

१९४४ साली दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या तटरक्षक दलानं तिथं जहाजांना दिशा दाखवणारं रेडिओ केंद्र उभारलं. माणसं एकोणीस. रसद तुटली तर खायला असावं म्हणून २९ रेनडिअर बेटावर सोडले. युद्ध संपलं, माणसं परतली, रेनडिअर राहिले. बेटावर त्यांना खाणारा कुणी नव्हता आणि जमिनीवर दगडफुलांचा जाड गालिचा पसरलेला होता. डेव्हिड क्लाइन हे जीवशास्त्रज्ञ १९५७ साली तिथं गेले तेव्हा १,३५० रेनडिअर होते. १९६३ साली ते ६,००० झाले होते. दगडफुलांचा गालिचा तोवर उखडलेला होता. त्यापुढचा हिवाळा फार कडक गेला. १९६६ साली क्लाइन पुन्हा गेले तेव्हा ४२ उरले होते. त्यांत नर एकच होता आणि तो प्रजोत्पादनाला असमर्थ होता. १९८०च्या दशकात शेवटचा रेनडिअर संपला.

ही गोष्ट बहुतेक वेळा लोकसंख्येच्या संदर्भात सांगतात. मला तिच्यातली दगडफुलं जास्त महत्त्वाची वाटतात. रेनडिअर खातात ती दगडफुलं वर्षाला काही मिलिमीटर वाढतात. रेनडिअरांनी खाल्लं ते त्या वर्षीचं पीक नव्हतं, ती अनेक दशकांची शिल्लक होती. ज्या प्रदेशात वाढीचे आठवडे मोजके, तिथं जे काही उभं दिसतं ते फार सावकाश साठलेलं असतं. पाहणाऱ्याला हिरवाई दिसते, तिच्यामागचा काळ दिसत नाही.

सड्याचंही हेच आहे. खळग्यातली चार बोटं माती ही वाऱ्यानं आलेली धूळ, कुजलेलं शेवाळ आणि झिजलेला जांभा यांची शतकानुशतकांची जमा आहे. कातळावरचे करड्या-पांढऱ्या दगडफुलांचे ठिपके आपल्या आजोबांच्या वेळचेही असू शकतात.

पडीक म्हणून लिहिलेली जमीन

सरकारी दप्तरात सडा बहुधा पोटखराबा किंवा पडीक म्हणून लागतो. देशातल्या पडीक जमिनींच्या नकाशांत उघड्या कातळाचा स्वतंत्र वर्ग आहे. जिथं पीक नाही आणि झाड नाही ती जमीन रिकामी, हा हिशेब त्यामागं आहे आणि तो चुकीचा आहे.

चिरेखाणीचं नुकसान सरळ दिसतं. तिथं कवचच काढून नेलं जातं, आणि ते पुन्हा घडायला लागणारा काळ माणसाच्या मोजमापात बसत नाही. बॉक्साइट हा जांभ्याचाच सख्खा भाऊ. जिथं लोखंडही धुऊन जाऊन ॲल्युमिनियम जास्त उरलं तिथं तो मिळतो. राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडीसारख्या पठारांवर त्याच्या खाणी झाल्या आणि ते खनिज बेळगावच्या कारखान्यात ॲल्युमिना करायला आलं. ॲल्युमिनियम आपल्या सगळ्यांच्या घरात आहे, म्हणून खाणींकडं बोट दाखवून मोकळं होता येत नाही. पण कुठला सडा खणायचा आणि कुठला नाही हे ठरवताना त्यावर काय जगतं याची नोंद समोर असायलाच हवी.

कमी दिसणारं नुकसान सद्हेतूनं होतं. उघडा माळ पाहून झाडं लावायची इच्छा होते. मग खड्डे फोडतात, बाहेरची माती टाकतात, चार महिने टँकरनं पाणी घालतात. बहुतेक रोपं मरतात. जगली तर ऑस्ट्रेलियन बाभळीची सावली पडते, पाचोळा पडतो आणि सीतेच्या आसवांना लागणारी उघडी, निःसत्त्व ओल संपते. सप्टेंबरच्या रविवारी सड्यावर गाड्या चढवणाऱ्यांनाही त्यांच्या चाकाखालचं डबकं म्हणजे कुणाचं तरी पाळणाघर आहे हे कळत नाही. सड्यावरचे दगड उलटे करून तसेच टाकणं ही अशीच एक सवय. त्याखाली विंचू, पाली, फुरसं आणि देवगांडूळ यांचा उन्हाळ्यातला एकमेव आसरा असतो. फुरशाची आठवण ठेवून तरी दगडाला हात लावू नये.

पाण्याचा मुद्दा यापासून वेगळा काढता येत नाही. जांभा सच्छिद्र आहे. पावसाचं काही पाणी त्याच्या भोकाभोकांतून खाली उतरतं, तळाच्या मऊ चिकणमातीशी अडतं आणि सड्याच्या कडेनं झऱ्यांच्या रूपानं बाहेर पडतं. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा याच जांभ्याच्या पठारी मुलखातली. पुढं सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात तिचं पाणी अडवलं आहे. तेच हुबळी-धारवाडच्या नळांना येतं आणि पूर्वेकडच्या कोरड्या शेतांनाही मिळतं. पश्चिमेची म्हादई गोव्याला पाणी देते. तीन राज्यं ज्या पाण्यासाठी न्यायाधिकरणापुढं उभी राहिली, त्या पाण्याची सुरुवात या माथ्यावरच्या पावसातून होते. सड्यांबद्दल मात्र त्या वादात क्वचितच कुणी बोलतं.

पुण्याच्या डॉ. अपर्णा वाटवे यांच्यासारख्या अभ्यासकांनी सह्याद्रीतल्या सड्यांवर वर्षानुवर्षं काम करून ही स्वतंत्र परिसंस्था आहे हे दाखवून दिलं. पण प्रत्येक सड्यावर शास्त्रज्ञ पोचणार नाहीत. ते काम गावाला करता येतं. २००२च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असायला हवी आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. कणकुंबी, पारवाड, चिगुळे, चोर्ला इथल्या गुराख्यांना कुठल्या खळग्यात पाणी किती दिवस टिकतं, कुठल्या भेगेत कुठला कंद येतो, पहिल्या पावसात भेक कुठं ओरडतात हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. ते त्या वहीत सड्याच्या नावानं, महिन्यासकट लिहिलं गेलं, तर उद्या खाणीचा किंवा लागवडीचा प्रस्ताव आल्यावर ग्रामसभेपुढं ठेवायला गावाच्या हाती कागद असेल.